कच्चा हाय अजून

उकळता पाक पळीभर घेऊन थंड पाण्यात सोडायचा, त्याची गोळी वळायची, ती काहिलीच्या काठावर मारायची आणि मान तिरकी करून आवाज ऐकायचा. मग निकाल: "कच्चा हाय अजून."

जोतिबाच्या वाटेवरच्या एका गुऱ्हाळातले हे गुळवे. काहील चुलीवरून कधी उतरवायची, हे ठरवणारे. सगळे त्यांना मामा म्हणत. हाच निकाल ते नव्या जावयाबद्दल देत, नव्या आमदाराबद्दल देत. माझ्याबद्दलही दिला होता, मी मराठीचा मास्तर म्हणून तीस वर्षं काढल्यावर.

एकदा मी त्यांना माझी अडचण सांगितली. 'पक्का' हा शब्द संस्कृत 'पक्व'वरून आला. म्हणजे शिजलेला, पिकलेला. पक्की वीट, पक्का रस्ता, पक्का बेत, इथवर ठीक. पण पिकलेला आंबा तर मऊ पडतो. मग त्याच शब्दात हा कणखरपणा शिरला कुठून? कोशांनी दोन्ही अर्थ शेजारी शेजारी ठेवून हात झटकले होते.

"त्यात काय अवघड हाय, मास्तर? आंबा पिकला की मऊ हुतोय, गूळ शिजला की घट्ट हुतोय. दोगंबी तयार झालं की! मधीच काढलं तर आंबा ऱ्हातोय घट्ट आन् गूळ ऱ्हातोय मऊ."

मी वही काढली. मामा पाकाकडे वळले होते.

पुढच्या हंगामाच्या शुभारंभाला मालकांनी मोठे पाहुणे बोलावले. पाहुणे खंबीर नेतृत्वावर बोलले. सुरुवात स्वतःपासून केली, शेवटही तिथेच. मग काहील उतरवताना फोटो काढायचा ठरला. दांड्याला हात लावून ते हसरे उभे राहिले. मामांनी गोळी मारली, मान तिरकी केली.

"कच्चा हाय अजून."

"मामा, पावण्यास्नी फुडं जयसिंगपूर गाठायचंय. उतरा की!" मालक म्हणाले.

"मग जाऊ देत की. च्या पाजून लावून द्या."

"उतरायचा नसंल तर उद्यापासनं येऊ नगासा."

मामांची उभी हयात त्या काहिलीपाशी गेली होती. दुसरं काम त्यांना येत नव्हतं. त्यांनी पुन्हा पळी बुडवली.

"उद्याचं उद्या. आज काहील माजी हाय."

पाहुण्यांची गाडी धुरळा उडवत गेली. त्यानंतरची दुसरी गोळी काठावर टणकन वाजली. "उतरा!" मामा ओरडले. ढेपा अशा बसल्या की बघत राहावं. रिवाजाप्रमाणे त्यांतली एक मामांच्या घरी गेली.

दुसऱ्या दिवसापासून ते खरोखर आले नाहीत. मालकांचा राग आठवड्यात उतरला. 'झालं गेलं विसरा' हा त्यांचा निरोप दोनदा मीच घेऊन गेलो. दोन्ही वेळा मामांनी मान तिरकी करून तो पुरता ऐकला आणि म्हणाले, "कच्चा हाय अजून."

तिसऱ्या वेळी मालक स्वतः निघाले, मला सोबत घेऊन. मामा वारले त्याला तेव्हा महिना झाला होता. मालक उंबऱ्याशीच बसले. मामींनी आतून गूळ-पाणी आणून ठेवलं. गूळ मामांच्या त्या शेवटच्या काहिलीतला.

मालकांनी खडा दाताखाली धरला. कट्कन आवाज झाला.

माझी मान आपोआप तिरकी झाली.