पाद्रीबाबांचा रे

२०१८ साली पाद्रीबाबा एक्क्याऐंशी वर्षांचे होते, आणि इंग्लंडातल्या अख्ख्या मिल्टन कीन्समध्ये त्यांच्याइतका हट्टी माणूस दुसरा नव्हता. मी होतो, पण मी चौथीपर्यंत शिकलेला. ते शिकूनसवरून हट्टी होते. मूळचे स्पेनचे. चर्चमध्ये प्रार्थना चालवायची, गाणी रचायची आणि ज्याच्या गळ्यातून आवाज निघतो त्याला धरून गायला शिकवायचं, एवढाच उद्योग. भाजीवाल्याकडे मुळा उचलला तरी आधी हवेत फिरवून ताल धरणार, मग पिशवीत टाकणार. गाडी चालवताना चाल सुचली की ती पुरी होईपर्यंत चौकातल्या गोल राउंडअबाउटला प्रदक्षिणा. एकदा मी शेजारी होतो. सात झाल्या तेव्हा म्हटलं, "पाद्रीबाबा, बायका वडालाही एवढेच फेरे घालतात. आता सोडा!" त्यांना काय कळलं देव जाणे, आठवा घातला.

आमची ओळख माझ्या पडण्यातून झाली. रेडवेवर, म्हणजे इथल्या लाल पायवाटेवर, बर्फावरून घसरलो आणि ओरडलो, "अरे रे रे!" हे धावत आले. हात द्यायचा सोडून म्हणतात, "रे! गुड! पण जरा खाली लागला." आता माणूसच खाली पडलाय, सूर वर कसा लागणार? त्यांचं डो रे मी, आपलं सा रे ग. दोन्हींत दुसरा रे. तेवढ्यावरून त्यांनी मला जाणकार ठरवलं.

वर्षभर मागे लागले, "आमच्यात गा." मी नाहीच म्हणालो. तिथे सगळे सुरांच्या खुणा लिहिलेले कागद बघून गात, आणि मला त्यातलं एकही चिन्ह कळत नव्हतं. हे कोणाला सांगणार? सुनेला गुडघा दुखतो म्हणालो.

"बाबा, गुडघ्यानं गातात का?" ती म्हणाली.

मग चर्चच्या वरिष्ठांचा हुकूम आला, त्यांनी स्पेनला, म्हाताऱ्या पाद्र्यांच्या आश्रमात परतायचं. शेवटच्या रविवारसाठी त्यांनी नवं गाणं रचलं आणि माझा कागद घरी आणून दिला. सून बघून हसली. "बाबा, तुम्हाला पहिल्यापासून शेवटपर्यंत फक्त रे आहे."

म्हणजे माझं अडाणीपण ओळखलं होतं तर! असला राग आला. गेलो, पण मागच्या बाकावर हाताची घडी घालून बसलो. पाद्रीबाबांनी हात वर केला आणि तसाच ठेवला. सगळे ताटकळले.

"आय वेट, सिन्योर," माझ्याकडे बघून म्हणाले.

"अरे, करा की सुरू!" मी ओरडलो.

"रे!" ते म्हणाले. चर्च हसलं. मी उठलो, पुढे गेलो आणि गायलो. बाकीचे सूर चढले, उतरले. मी मधे खांबासारखा.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते विमानतळाला निघाले, तेव्हा मी निरोपाला गेलो नाही. चारचौघांत डोळे पुसणं मला जमत नाही. तो कागद स्वयंपाकघरातल्या टेबलावर पसरला आणि सुनेला विचारलं, "पोरी, हा सुलटा कसा धरायचा?"