फोनवरचं तळं

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाची किंमत लिफ्ट अडकलेली असेपर्यंतच. दोन मजल्यांच्या मध्ये माणसं कोंडली की तो देवासारखा धावून आलेला असतो, आणि लिफ्ट चालू झाली की लगेच, ‘मिस्त्री, जाताना तो तेलाचा डाग तेवढा पुसून जा.’ आमच्या मिस्त्रीने हे उभा जन्म ऐकलं. तो डागही पुसायचा आणि वर सलामही ठोकायचा. माणूस मुळातच कमी बोलणारा. लग्नात सासरे म्हणाले होते म्हणे, की जावई चांगला आहे, फक्त तो घरात आहे हे कोणीतरी सांगावं लागतं.

कंपनी त्याला गावोगाव पाठवायची. कुठे आठवडा, कुठे महिना. एका हातात हत्यारांची पेटी आणि खांद्यावर लांबट कापडी पिशवी. पिशवीत मासे धरायचा रॉड. नव्या गावात पहिल्या दिवशी इमारतीच्या गच्चीवरच्या मशीन रूममध्ये चढायचं, आणि मोटर, ब्रेक, दोर यांच्याकडे बघायच्या आधी जाळीच्या खिडकीतून चौफेर नजर टाकायची, ही त्याची रीत. गावात एवढ्या उंचीवर दुसरं कोण जातं? कुठे पाणी चमकतंय, नदी कुठे वळते, तळ्याच्या कोणत्या बाजूला झाडी आहे, सगळं तिथून दिसायचं. मग दिवसभर हात ग्रीसमध्ये आणि मन पाण्यावर.

त्याला मासा हवा असायचा तो एकच, बास नावाचा. मोठ्या तोंडाचा, हिरवट, कुशीवर काळा पट्टा ओढलेला आणि स्वभावाने आळशी दरोडेखोर. हा उगीच भटकत नाही. बुडालेल्या झाडाआड, लव्हाळ्याच्या कडेला, पुलाच्या खांबाच्या सावलीत दबा धरून बसतो आणि भक्ष्य आपल्या पायांनी चालत आलं की झडप घालतो. नदीत असला तर धार जिथे दगडावर फुटते, त्या दगडामागच्या संथ पाण्यात. ऊन चढलं की खोल जातो, उतरलं की काठाशी येतो. रोजच्या तळ्यात त्याचा पत्ता पाठ होतो, त्यात काय मोठंसं, असं मिस्त्रीचं मत. अनोळखी पाण्यात तो हुडकून काढायचा, यातच खरी गंमत. हुडकला, धरला, की गळ सोडवून तो त्याला परत पाण्यात सोडायचा. त्यावर बायको म्हणायची, ‘नावातच बास आहे, तरी तुमचं काही बास होत नाही.’

या बायकोने जन्मात कधी गळाला हात लावला नव्हता. पण मिस्त्रीच्या खिशात मोबाईल आला त्या वर्षी एक खेळ सुरू झाला. तो संध्याकाळी परगावच्या पाण्याकाठी उभा असायचा, ती घरी स्वयंपाकघरात. जेवण झालं का, खोली बरी आहे का, एवढं झालं की दोघांकडचं बोलणं संपायचं. फोन ठेवायला जिवावर यायचं आणि बोलायला काही नसायचं. एकदा ती म्हणाली, “मग समोर काय दिसतंय ते तरी सांगा.” त्याने सांगितलं. डावीकडे दगडी बांध आहे, वारा बांधाकडे वाहतोय. पलीकडे ओढा येऊन मिळतो, तिथे पाणी जरा गढूळ. अलीकडे एक झाड आडवं पडलंय, अर्धं पाण्यात. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “त्या ओढ्याच्या तोंडाशी टाका.” त्याने हसत टाकला आणि तिसऱ्या-चौथ्या फेकीला रॉड वाकला.

पुढे हे रोजचंच झालं. आधी पाणी सांगायचं, ती जागा सांगेल तिथे गळ टाकायचा. दर वेळी मासा मिळायचाच असं नाही, पण इतक्या वेळा मिळायचा की मिस्त्री थक्क व्हायचा. जो माणूस स्वतःच्या पगारवाढीबद्दल तोंड उघडत नव्हता, तो कंपनीभर सांगत सुटला की आमची मंडळी घरबसल्या मासा दाखवतात. कंपनीतल्या इलेक्ट्रिशियनचा यावर काडीचा विश्वास नव्हता. एकदा दोघं एकाच गावी कामाला असताना त्याने फोन हिसकावून घेतला आणि तळ्याचं वर्णन स्वतःच धडाधडा करून टाकलं. तिने अंदाजाने एक जागा सांगितली. दोघांनी अंधार पडेपर्यंत गळ टाकले, एक मासा हलला नाही. इलेक्ट्रिशियन खो खो हसला. ती फोनवर एवढंच म्हणाली, “भावजी, तुम्हाला पाणी सांगता येत नाही.”

मागच्या वर्षी ती गेली. आजार फार दिवसांचा नव्हता. मिस्त्री परगावीच होता, पण वेळेवर पोचला, शेवटचे चार दिवस उशाशी होता, एवढं त्याच्या नशिबात होतं.

त्यानंतर त्याला एकही बास मिळाला नाही.

तीन नद्या झाल्या, पाच-सहा तळी झाली. तो चुकत नव्हता. पडलेलं झाड बघून टाकत होता, लव्हाळ्याची कड बघून टाकत होता, सावली, धार, खोली, काही सोडत नव्हता. आमिष बदललं, दोरा बदलला. इलेक्ट्रिशियनने सुचवलं म्हणून पाण्याखालचे मासे पडद्यावर दाखवणारं एक यंत्रही घेतलं. त्यात मासे दिसायचे, हे खरं, पण भिंतीवरच्या चित्रातल्यासारखे नुसते दिसायचे. एकदा त्याने लॉजच्या मालकाला तळं कसं आहे ते सांगून पाहिलं. मालकाने मन लावून ऐकलं आणि म्हणाला, “एवढा त्रास कशाला, बाजारात ताजे मिळतात की.” मिस्त्रीने मान डोलावली आणि खोलीची किल्ली घेऊन वर गेला.

खरं सांगायचं तर मासा हे निमित्त होतं. त्याला भीती वाटत होती ती दुसऱ्याच गोष्टीची. आई गेल्यापासून लेक रोज संध्याकाळी फोन करायची. ती दूरच्या शहरात, नोकरी, नवरा, संसार. जेवलास का? हो. काम कसं चाललंय? चाललंय. तब्येत? बरी. मग दोघंही गप्प, आणि मग ‘बरं, ठेवते’. बायकोशी बोलताना जे एक पाणी हाताशी असायचं तेही आता नव्हतं, कारण सांगण्याजोगं काही मिळतच नव्हतं. रोजचा फोन एक दिवसाआड झाला. मागच्या आठवड्यात तर मधले चार दिवस गेले. ‘कामात होते रे बाबा’ असं ती म्हणाली आणि ते खरंही असेल. पण हा फोन उद्या सणासुदीपुरता होईल आणि परवा थांबेल, हे मिस्त्रीला स्वच्छ दिसत होतं. लेकीला दोष द्यायची त्याची इच्छा नव्हती. मुक्या माणसाला कोण किती दिवस फोन करणार? मला बोलायला शिकवून ठेवायला हवं होतं तिने, असं तो बायकोवर मनातल्या मनात चिडायचा, आणि मग चिडल्याबद्दल त्याला वाईट वाटायचं.

अशात एका नव्या गावी काम निघालं. एका जुन्या कचेरीची लिफ्ट चौथ्या मजल्यावर दार उघडायलाच तयार नव्हती. दोष सापडला, पण लागणारा सुटा भाग दोन दिवसांनी येणार होता. म्हणजे रविवार मोकळा. मशीन रूमच्या खिडकीतून त्याने कापड गिरणीमागचं तळं हेरून ठेवलं होतं. दुपार कलताना तो पिशवी घेऊन तिथे गेला.

तळं लांबोळकं होतं. गिरणी बंद पडलेली, तिची भिंत थेट पाण्यात उतरलेली. भिंतीची सावली पाण्यावर पडली होती, ही जागा तर पुस्तकात काढून दाखवावी अशी. त्याने तिथे गळ टाकला. पलीकडच्या लोखंडी पाइपाच्या तोंडाशी टाकला, लव्हाळ्यात टाकला, खुंटाभोवती टाकला. रबरी गांडूळ तळाशी सोडून हळूहळू ओढलं, चमच्याच्या आकाराचं चकचकीत आमिष झपझप ओढलं. काही नाही. रॉड पूर्वी कधी हाताला जाणवायचा नाही, आता मनगट दुखायला लागलं. हे सगळं विकून टाकावं आणि कंपनीच्या वर्कशॉपमध्ये बसून राहावं, असा विचार त्याच्या मनात आला, तेवढ्यात फोन वाजला.

लेक होती. जेवलास का, काम कसं, सगळं झालं. मग तिने विचारलं, “कुठे आहेस? वारा ऐकू येतोय.”

“तळ्यावर.”

“मिळालं काही?”

एरवी तो ‘नाही’ म्हणून गप्प बसला असता. आज तोंडातून निघून गेलं, “नाही. तुझी आई गेल्यापासून एकही नाही मिळाला. तिला कळायचं कुठे आहे ते. मला नाही कळत.”

लेक म्हणाली, “बाबा, आईला माशांतलं काहीसुद्धा कळत नव्हतं.”

मिस्त्रीला राग आला. इतकी वर्षं डोळ्यांनी पाहिलेलं कोणी खोटं म्हणालं तर येणारच. पण लेक बोलत राहिली. आईचं तिने लहानपणापासून पाहिलेलं ती सांगत होती. फोन खांद्यावर मानेत धरून आई ओट्यापाशी उभी राहायची, बोट पाण्यात बुडवायची आणि बाबा सांगेल तसं ओट्यावर तळं काढायची. बांध इथे, ओढा इथे, पडलेलं झाड इथे. फोन झाला की फडक्याने पुसून टाकायची.

“मी तिला एकदा विचारलं, तुला जागा कशी कळते? तर म्हणाली, मला कुठे कळते? ते सांगता सांगता एका जागी थांबतात. आवाज जरा खाली येतो. मासा त्यांना आधीच कळलेला असतो, फक्त आपल्याला कळलाय हे कळत नाही. मी आपली तीच जागा परत सांगते. तुला सांगू नको म्हणाली होती. म्हणाली, सांगितलं तर ते थांबायचे बंद होतील.”

मिस्त्री काठावरच्या मातीत खाली बसला. ओट्यावर तळं. घरच्या त्या ओट्यावर त्याने हजारदा चहाचा कप ठेवला असेल. त्याला काहीच माहीत नव्हतं.

“सांग मला,” लेक म्हणाली.

“काय सांगू?”

“पाणी. मी ओट्याजवळच आहे.”

त्याने उगीच आढेवेढे घेतले. तुझा वेळ जाईल, जावई घरी येतील, स्वयंपाक राहील. पलीकडून नळ सोडल्याचा आवाज आला. मग त्याने सुरुवात केली. उजवीकडे गिरणीची भिंत आहे, थेट पाण्यात उतरलेली. भिंतीच्या टोकाला पाइप आहे, पण त्यातून काही येत नाही. मग लव्हाळं, दाट, पन्नासेक पावलं. वारा माझ्याकडून समोर चाललाय. डावीकडे काठ उघडा आहे, वाळूचा, उथळ. पुढे एक झाड आहे, त्याच्या सावलीत पाण्यालगत एक सपाट दगड...

तो थांबला.

“थांबलास,” लेक चटकन म्हणाली. आनंद झाला होता तिला, आवाजावरून कळत होतं. “तिथेच टाक, बाबा. दगडापाशी.”

तिथे काही नव्हतं. मिस्त्रीला पुरतं ठाऊक होतं. घोट्याएवढं पाणी, खाली पांढरी वाळू, लपायला एक काडी नाही. असल्या जागी बास आला तर आंधळाच म्हणायचा. तरीही तो उठला, फोन काठावर ठेवला, नेम धरला आणि गळ बरोबर दगडाच्या कडेला टाकला. हळूहळू ओढून घेतला. परत टाकला. मग फोन उचलला.

“नाही मिळाला,” तो म्हणाला.

“असं कसं? तू थांबला होतास. काय आहे तिथे?”

सांगावं की नाही, त्याला कळेना. त्याने इतकी वर्षं जगभरचं पाणी बायकोला सांगितलं होतं, आणि एकदाही म्हटलं नव्हतं, की चल, या खेपेला तूही चल. तीही कधी म्हणाली नव्हती. म्हणायची वाट बघत असेल का, हे विचारायला आता ती नव्हती.

“मासा नाही तिथे,” तो म्हणाला. “सावली आहे. तुझ्या आईला बसायला बरी जागा आहे, एवढंच.”

‘बरं, ठेवते’ असं ती म्हणेल म्हणून तो कान देऊन उभा राहिला. मग तिने नाक ओढल्याचा आवाज आला आणि नळ पुन्हा सुटला.

“दगड केवढा काढू?” तिने विचारलं.

मिस्त्रीने दगडाकडे नीट पाहिलं.

“मोठा काढ,” तो म्हणाला. “दोघं बसतील एवढा.”