खणवाले सर

नवा विद्यार्थी भेटला की माणसं नाव विचारतात, गाव विचारतात. आमचे खणवाले सर विचारायचे, "तुझा कुठला खण रिकामा आहे?" पोरगं बावचळून खाली आपल्या बॅगकडे बघायचं.

मिरारोडला इंजिनिअरिंग कॉलेजच्या फाटकासमोर माझं झेरॉक्स आणि बाइंडिंगचं दुकान आहे. आमच्या ह्यांनी टाकलं, ते गेल्यावर मी चालवलं. मी राई गावच्या शाळेत नववीपर्यंत शिकले. कॉम्प्युटर मात्र पोरांच्या खांद्यावरून बघून बघून शिकले, आणि आता शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टची काळ्या पुठ्ठ्याची पुस्तकं, ज्यांना पोरं ब्लॅक बुक म्हणतात, ती मी न अडखळता टाइप करते. 'लोड फ्लो' म्हणजे काय ते मला आजही विचारू नका. स्पेलिंग विचारा.

सर इलेक्ट्रिकलला, पॉवर सिस्टिम शिकवायचे. पांढरा हाफ शर्ट, खिशात पेनाच्या जोडीला टेस्टर. दुपारी चहाला माझ्याकडे यायचे आणि काउंटरवरच पोरांचा दरबार भरायचा. वाया गेलेल्या झेरॉक्सच्या पाठीवर सर पट्टी न लावता चौकोन आखायचे. हा गणित-फिजिक्सचा खण, हा मशीन्सचा, हा लॅबचा, हा आपल्या शाखेतल्या निवडीच्या विषयांचा, हा बाहेरच्या शाखेतल्या विषयाचा, ही इंटर्नशिप, हा प्रोजेक्ट. प्रत्येक खणाला ठरलेली क्रेडिटं. सगळे खण भरले की डिग्री. पोरं हुज्जत घालायची. एक जण म्हणाला, "सर, टोटल तो हो रहा है ना!" सर म्हणाले, "टोटल से बत्ती नहीं जलती, बेटा." मग माझ्याकडे वळून, "ताई, तांदूळ जास्त झाले म्हणून डाळीच्या डब्यात भरता का तुम्ही?" मी म्हटलं, "मी नाही भरत, पण माझी सून भरते." तेवढाच सगळ्यांना हसायला वेळ.

कुठल्याही छापील अभ्यासक्रमात नसलेला एक खण त्यांनी स्वतःचा घातला होता. पॉवर सिस्टिम घेणाऱ्यानं आपल्या घराच्या मीटरपासून निघायचं आणि तार जिथून येते तिथवर पायी जायचं. खांब, डीपी, पुन्हा खांब, थेट सबस्टेशनच्या कुंपणापर्यंत. मग ते सगळं एका कागदावर एका रेघेत काढायचं. "आपल्या घरात वीज कुठून येते हे ज्याला माहीत नाही, त्यानं गावाला काय वीज द्यायची?" असं त्यांचं म्हणणं. याला मार्क नव्हते, तरी पोरं चालायची. उत्तनच्या एका पोरीबरोबर तर सर स्वतः चालले, कारण तिकडे खारी हवा तारा कशी खाते ते त्यांना बघायचं होतं. येताना तिच्या आईनं सुके बोंबील बांधून दिले. सर पक्के शाकाहारी. पुडकं माझ्या काउंटरवर ठेवून म्हणाले, "ताई, हे तुम्ही घ्या. आणि त्या मुलीला काही बोलू नका, मी उद्या तिला फार छान होते म्हणून सांगणार आहे." सांगितलंही. वर आणखी, "जरा तिखट होते," असं म्हणाले. म्हणजे खोटं बोलता यायचं त्यांना. हे लक्षात ठेवून मी पुढे फार रागावले.

तर आता सपूचं सांगते. सपू म्हणजे माझ्या भावाची, राईच्या दादाची मुलगी. आमच्या घरात पहिली इंजिनिअर व्हायची होती. हुशार, हट्टी. इलेक्ट्रिकलला आली, पॉवर सिस्टिम घेतली, आणि डिग्री हातात यायच्या आधीच कॉलेजात आलेल्या एका वीज कंपनीनं तिला निवडलं. परीक्षा झाली की जुलैत रुजू व्हायचं. दादानं अख्ख्या आळीत पेढे वाटले.

शेवटच्या वर्षाच्या सुरुवातीला विषय निवडायचा फॉर्म भरायचा होता. सर तेव्हा रजेवर होते, बायकोचं ऑपरेशन होतं. सपू माझ्याकडे आली. म्हणाली, "आत्या, मी इलेक्ट्रिक गाड्यांचा ऑनर्सचा जास्तीचा पेपर घेतलाय. मग प्रोटेक्शनचा विषय सोडला तर चालेल ना? क्रेडिटं तेवढीच होतात." आता बघा, मला काय अधिकार होता? पण इतकी वर्षं काउंटरवर चौकोन बघून मला वाटायला लागलं होतं की मीच अर्धी प्रोफेसर. मी बोटांवर बेरीज केली नि म्हटलं, "जमतंय की! सोड." ऑफिसनंही बेरीज बघितली आणि शिक्का मारला.

सर परत आले ते जानेवारीत. शेवटच्या सेमिस्टरचे कागद बघताना सपूच्या कागदावर त्यांचं पेन थांबलं. ऑनर्सचा पेपर डिग्रीच्या वरचा असतो, तो खाली कुठल्याच खणात धरत नाहीत. प्रोटेक्शनचा खण रिकामा. आणि तो विषय पुन्हा जुलैतच सुरू होणार, परीक्षा डिसेंबरात. म्हणजे डिग्री सहा महिने पुढे, नोकरी गेली.

सपू दुकानात येऊन स्टुलावर बसली ती उठेना. संध्याकाळी दादाचा फोन. "तुला कुनी सांगितलं हुतं मधी पडायला? आता पोरीनं काय करायचं हाय ते तूच सांग."

दुसऱ्या दिवशी सर आल्या आल्या मी म्हटलं, "सर, चूक माझी आहे, पोरीची नाही. तुम्ही विभागाचे मोठे. एक सही करा, कोण बघतंय?"

सरांनी चहा खाली ठेवला. "ताई, प्रोटेक्शन म्हणजे काय माहितेय? तार तुटून पाण्यात पडली तर लाइन आपोआप बंद व्हावी, ती का आणि कशी, याचा तो विषय आहे. उद्या ही मुलगी त्या जागेवर बसणार. तो एकच विषय न शिकता मी तिला पाठवू?"

"बोंबलांबद्दल बरं खोटं बोलता आलं!"

"त्यानं कोणी मरत नव्हतं," सर म्हणाले, आणि उठून गेले.

मी त्यांच्याशी बोलणं टाकलं. ते यायचे, कागद पुढे करायचे, मी झेरॉक्स काढून सरकवायची. चहा मी विचारत नव्हते. सपूला मात्र ते रोज कॉलेज सुटल्यावर रिकाम्या वर्गात प्रोटेक्शन शिकवायला लागले, जुलैची वाट न बघता. तीही जायची. मग दुकानात येऊन रिले, ब्रेकर असं काहीबाही पुटपुटायची. मला वाटायचं, आधी पाय तोडायचा आणि मग काठी द्यायची.

मे महिन्यात कंपनीचं पत्र आलं. सपूची जागा जानेवारीपर्यंत राखून ठेवतोय, डिग्री पूर्ण करून या. दादानं पुन्हा पेढे आणले. मी त्यातला एक पेढा मुद्दाम सरांच्या कागदांवर ठेवला आणि म्हटलं, "बघा, कंपनीला तरी माणुसकी आहे." सरांनी पेढा तोंडात टाकला. "असते, काही लोकांना असते," एवढंच म्हणाले.

सपू डिसेंबरात पास झाली, जानेवारीत रुजू झाली. त्याच सुमारास सर रिटायर झाले. निरोपाला मी गेले नाही, दुकानात गर्दी आहे म्हणून सांगितलं. गर्दी नव्हती. पुढच्या वर्षी झोपेतच ते गेले.

कॉलेजात शोकसभा झाली तेव्हा मी आणि सपू मागे बसलो होतो. सपूच्या कंपनीतले एक मोठे साहेब बोलायला उठले. ते सरांचेच जुने विद्यार्थी निघाले. म्हणाले, "एका विद्यार्थिनीसाठी सर माझ्या ऑफिसात तीनदा आले. पहिल्या दोन वेळा मी मीटिंगमध्ये होतो, ते बाहेर बाकावर बसून परत गेले. तिसऱ्यांदा भेटलो तर मलाच 'सर' म्हणाले. मी खुर्ची दिली, बसले नाहीत. म्हणाले, मी मागायला आलोय, उभाच बरा. मला वाटलं, डिग्रीशिवाय घ्या म्हणून सांगतील. ते म्हणाले, डिग्री झाल्याशिवाय तिला अजिबात घेऊ नका. फक्त तिची जागा दुसऱ्याला देऊ नका. आणि हे तिच्या घरी कळू देऊ नका, तिच्या आत्या सध्या माझ्यावर रागावल्यात, त्यांना रागवू द्या."

सभा संपली. आम्ही फाटकापर्यंत चालत आलो. दुकान समोरच होतं, पण मला रस्ता ओलांडवेना.

सपू म्हणाली, "आत्या, तू तेव्हा त्यांच्याशी बोलत नव्हतीस ना?"

"नव्हते," मी म्हटलं.