उघडा कान

निफाडच्या आमच्या मुझफ्फर हवालदाराचे किस्से सांगायला बसलो की माझा चहा निवतो. हा किस्सा मात्र तसा नाही. फौजेत बिनकाठाची लोकरी टोपी उजव्या कानावर तिरकी ओढायचा नियम. गड्यानं सारी नोकरी परेडच्या मैदानात काढली, डावा कान कायम उन्हात. त्यावर जखम झाली, ती भरेना. यंदा नाशिकला कान कापला, तरी कातडीचा कॅन्सर मानेत उतरलाच. काल डॉक्टरांनी हात टेकले.

दवाखान्याबाहेर आम्ही रिक्षाची वाट बघत होतो. आबिदावहिनी त्याला म्हणाल्या, "अहो, साहेबाकडं रुंद काठाची टोपी मागायची होती."

"मागितली व्हती. म्हणाले, परेडला शोभत नाय."

वहिनींनी त्याच्या डोक्यावर पदराची सावली धरली.

"ऱ्हाऊ दे," तो म्हणाला. "आता उन्हानं काय बिघडायचंय?"