माल झोपतो कुठं?

विरारजवळच्या निर्मळ गावातल्या अंकलना नव्या दुकानाचे पेढे द्यायला कोणी गेलं, की पेढा तोंडात टाकायच्या आधी ते विचारायचे, "माल झोपतो कुठं?" माणसांनाही हाच प्रश्न. माझ्या नुकत्याच लग्न झालेल्या भाच्याला त्यांनी "झोपता कुठं तुम्ही दोघं?" असं विचारलं, तेव्हा सूनबाई चहा तसाच ठेवून उठल्या. अंकलना बिचाऱ्यांना रेशनकार्ड कुठल्या पत्त्यावर काढायचं एवढंच सांगायचं होतं.

अंकल विक्रीकराचे सल्लागार. तरुणपणी पाद्री व्हायला गेले होते, अर्ध्यातून परत आले. म्हणून गावात त्यांचं नाव पडलं 'सेल्सटॅक्सचे पाद्री'. त्यांना त्याचा राग नव्हता. "पापी तिकडचे नि इकडचे सारखेच," म्हणायचे. "इकडे फक्त पावती मिळते."

त्यांचं ऑफिस म्हणजे घरामागची वाडी. सोनचाफ्याला पाणी घालता घालता ते सल्ला द्यायचे आणि बादली अशिलानं उचलायची. मधूनच आंटींशी त्यांच्या घरच्या बोलीत काहीतरी बोलायचे. त्यातला 'टॅक्स' एवढा एकच शब्द मला कळायचा, आणि त्या शब्दाला आंटी माझ्याकडे बघून हसायच्या.

हसण्यासारखं मी केलंच होतं. नव्वदीच्या दशकात मला धंद्याची सुरसुरी आली. मेहुणा म्हणाला, "भावोजी, कंपनी दमणला काढू. तिकडे टॅक्सची कटकट नाही." दमणच्या शेडमध्ये मेहुणा मेणबत्त्या बनवणार, मी निर्मळला एक गाळा घेऊन त्या साठवणार आणि आगाशी-विरारच्या दुकानदारांना विकणार. कंपनी दमणची, मग महाराष्ट्राचा संबंध काय? हा शोध मला इतका आवडला, की मी गाळ्यावर हातभर अक्षरांत बोर्ड रंगवून घेतला : 'मुख्य कार्यालय दमण'. आणि खाली : 'येथे घाऊक व किरकोळ विक्री होईल'.

नाताळ तोंडावर आला होता. गाळा मेणबत्त्यांनी गच्च भरलेला. एक सज्जन गृहस्थ आले, जांभळ्या मेणबत्त्यांचा एक खोका घेतला आणि म्हणाले, "बिलात टॅक्स दिसत नाही?"

मी डोळा मारला. "साहेब, कंपनी दमणची! इथला टॅक्स आपल्याला लागतच नाही. तुम्हाला काही माल खपवायचा असला तर सांगा, तुमचीही कंपनी दमणला काढून देतो."

गृहस्थांनी बिल घडी करून खिशात ठेवलं आणि दुसऱ्या खिशातून ओळखपत्र काढलं. विक्रीकर निरीक्षक! "चौकशी होईपर्यंत यातली एक मेणबत्ती हलवायची नाही," असं सांगून ते गेले. नाताळ उलटल्यावर त्या मेणबत्त्या कोण घेणार होतं? वीज गेल्यावर लावायला आम्हाला सात जन्म पुरल्या असत्या.

मी धावत वाडीत गेलो. अंकलनी आधी बादली हातात दिली.

"माल झोपतो कुठं?"

"कंपनी दमणची आहे हो अंकल."

"बाप्तिस्मा कुठं झाला ते नाही विचारलं. झोपतो कुठं?"

"निर्मळला."

"लग्न होऊन जातो कुठं?"

"आगाशीला. विरारला."

"मग नीट ऐक. दमणहून निर्मळला आला, ती ब्रँच ट्रान्सफर. माल हलला, मालक बदलला नाही. माहेरच्याच दुसऱ्या खोलीत गेला. पण निर्मळहून आगाशीला गेला, तो सासरी गेला! ती विक्री. ती महाराष्ट्रात झाली, टॅक्स महाराष्ट्राचा. नोंदणी इथं करायला हवी होती, बाबा. त्या झाडाला अजून एक बादली घाल."

दुसऱ्या दिवशी ते मला घेऊन त्या निरीक्षक साहेबांकडे गेले. जाताना बजावलं, "तू बोलायचं नाहीस. बोलावंसं वाटलं तर खोक."

मी इतका खोकलो, की साहेबांनी पाणी मागवलं आणि अंकलना हळूच विचारलं, "यांना छातीचं काही आहे का?"

"छातीचं नाही साहेब, डोक्याचं," अंकल म्हणाले. "हा चोर नाही, मूर्ख आहे. चोर असता तर एवढा मोठा बोर्ड रंगवला असता का?"

निरीक्षक पहिल्यांदा हसले. ज्या बोर्डानं बुडवलं होतं त्यानंच तारलं. नोंदणी केली, कर भरला, वर दंडही भरला आणि नाताळच्या आधी माल सुटला. बोर्डाची खालची ओळ अंकलनी ठेवायला लावली. वरची पुसताना रंगाचा डबा त्यांनी स्वतः धरला होता. बादली सोडून त्यांनी दुसरं काही उचललेलं मी तेव्हा प्रथम पाहिलं.

पुढे काही वर्षांनी अंकल आणि आंटी मुलीकडे कॅनडाला निघाले. निरोप द्यायला गेलो तर वाडीतली झाडं आधीच ओली. मी संधी साधली. "अंकल, आता झोपणार कॅनडात. म्हणजे तुमच्याच नियमानं तुम्ही तिकडचे!"

अंकलनी कपाळावर हात मारला. "इतकी वर्षं पाणी घातलंस आणि एवढंच उगवलं? अरे, ही ब्रँच ट्रान्सफर. माल हलला, मालक बदलला नाही."

अंकल तिकडेच वारले. निर्मळच्या चर्चमध्ये त्यांच्या आत्म्यासाठी मिस्साची प्रार्थना झाली. चर्च भरून माणसं बाहेर उभी होती, त्यांतली निम्मी अंकलची जुनी अशिलं. मी आमच्याच मेणबत्त्यांतली एक पेटवली. तिचा टॅक्स भरलेला होता. मेहुणा दमणहून आला होता. तो कानाशी कुजबुजला, "भावोजी, माणूस कॅनडात गेला, तिकडेच पुरला. मग मिस्सा इथं कशी?"

मला खोकला आला. खोकला थांबल्यावर म्हणालो, "विक्री झालीच नव्हती रे."