मागच्या चाकातली हवा

ती माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान होती आणि सायकलवरून न उतरता चढण चढायची. तिचा राग यायला मला एवढं पुरेसं होतं.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस सुरगाणा तालुक्यातल्या एका पाड्यावरच्या शाळेत आम्ही दोघी शिक्षिका होतो. मी नाशिक शहरातली, ती दिंडोरीकडच्या द्राक्षबागायतदाराची मुलगी. खाली रस्त्यावरच्या गावात एकाच घरातल्या शेजारशेजारच्या खोल्या आम्ही भाड्याने घेतल्या होत्या. तिथून शाळा चार किलोमीटर. जीप भरल्याशिवाय निघत नसे आणि भरली की पाय ठेवायला जागा नसे. म्हणून दोघींनी नाशिकहून गिअरच्या सायकली आणल्या, जाड, खोल खाचांच्या टायरच्या. दोन्ही सारख्याच. माझी निळी, तिची लाल.

डांबरी रस्त्यावर मी रोज पुढे असे. शेवटचा अर्धा किलोमीटर तांबड्या मातीची चढण. पावसाळ्यात तिथे शेवाळलेले दगड आणि साबणासारखा चिखल. निम्म्यावर पोचले की माझं मागचं चाक जागच्या जागी फिरायला लागे. मी पेडलवर उभी राहून जोर लावला की आणखी फिरे, आणि माझा पाय चिखलात. तेवढ्यात ती मागून यायची, सीटवर बसूनच, अजिबात घाई न करता. "या सावकाश बाई, मी घंटा देते," म्हणायची आणि पुढे जायची.

वर शाळेच्या ओट्यावर मुलं उभी असत. ती दिसली की टाळ्या. मी सायकल ढकलत पोचेपर्यंत प्रार्थना सुरू झालेली असे. माझ्या वर्गातली मुलंसुद्धा टाळ्या वाजवत, हे मला जास्त लागायचं. एकदा तरी त्यांच्यासमोर सायकलवर बसून पोचायचं, एवढंच मला हवं होतं.

तिला जमतं आणि मला नाही, याची कारणं मी शोधत राहिले. तिचं वय कमी, वजन कमी. तिला टायर चांगले मिळाले असतील. एकदा ती अंघोळीला गेलेली असताना मी दोन्ही सायकलींच्या टायरवरून बोट फिरवून पाहिलं. खाचा सारख्याच होत्या. फक्त तिचा मागचा टायर मऊ लागला. बाईंना सायकलची निगा राखता येत नाही, असं मी ठरवलं आणि मला फार बरं वाटलं. आमच्या घरी वडील दर आठवड्याला सायकलीत हवा भरून टायर अंगठ्याने दाबून बघत. दबला तर पुन्हा पंप. मीही तेच करत आले होते, एकही आठवडा न चुकवता.

एका शुक्रवारी संध्याकाळी माझ्या चाकांत हवा भरून झाली तशी मी तिच्याही चाकांत भरली. दगडासारखी घट्ट. मदत म्हणून भरली असं म्हणता येईल, पण ते खरं नाही. मला हेडमास्तरांसमोर सहज म्हणायचं होतं की हिच्या चाकात हवाच नव्हती, मीच भरली. वाक्य तयार होतं.

शनिवारी सकाळची शाळा. डांबरावर ती चक्क माझ्या बरोबरीने आली. सायकल आज हलकी चालतेय, म्हणाली. चढणीवर ती पुढे गेली आणि पहिल्याच वळणावर तिचं मागचं चाक गरकन फिरलं. ती हातावर पडली. मी मागे होते, सायकल ढकलतच. तिने उठून आधी टायर दाबला, मग माझ्याकडे पाहिलं.

"तुम्ही भरलीत?"

"कमी होती."

"कमी नव्हती, बाई. ठेवली होती."

पावसात बागेत ट्रॅक्टर घालायचा तर तिचे वडील मागच्या टायरांची हवा थोडी काढत, असं तिने सांगितलं. टायर पसरतो, चिखलाला धरतो. घट्ट टायर नुसता वरून घसरतो. वर उभं राहून पेडल मारलं की मागच्या चाकावरचं वजनही जातं. हे सगळं ती शांतपणे सांगत होती आणि तिचं मनगट सुजत होतं. डाव्या हाताने तिने स्वतःच्या मागच्या चाकाच्या हवेचा वॉल थोडा ढिला केला. फुस्स झालं.

"तुमचीही काढू?"

"नको. मला अशीच सवय आहे."

दोघी सायकली ढकलत वर गेलो. त्या दिवशी टाळ्या वाजल्या नाहीत. मला आनंद झाला. मी तयार केलेलं वाक्य मात्र तसंच राहिलं.

सोमवारी ती मनगट बांधून घरी राहिली. चढणीच्या पायथ्याशी मी आजूबाजूला पाहिलं, कोणी नव्हतं. मागचा वॉल ढिला केला, मग पुढचा. सीटवर बसले, उठायचं नाही असं ठरवून. निम्म्यावर चाक एकदा सरकलं आणि धरलं. मी वर पोचले. पाय कोरडे.

मुलं ओट्यावर उभी होती. सगळी माझ्या मागे, रस्त्याकडे बघत होती.

"बाई, ती बाई नाय आली?"

संध्याकाळी तिने विचारलं, आज कशा गेलात?

"ऊन होतं. चिखल वाळला होता," मी म्हणाले. पत्र्यावर पाऊस वाजत होता.

ती उठली. बाहेर ओसरीत माझी सायकल टेकवलेली होती, तिच्याजवळ गेली आणि चांगल्या हाताच्या अंगठ्याने एकेक टायर दाबून पाहिला.

"मागच्याची अजून थोडी काढा," ती म्हणाली. "पुढच्याची राहू द्या."

ती आत गेली. तिचं ऐकायचं माझ्या अगदी जिवावर आलं होतं. पण दुसऱ्या दिवशीही शाळा होती. मी खाली बसले आणि थोडी हवा काढली.