गुलाबी आई

सरांनी माझं मनगट धरलं आणि माझा हात वकिलाच्या मुलीच्या हाताशेजारी टेबलावर ठेवला.

"बघा. हा उजेड. आणि ही सावली."

छायाप्रकाशाचा तास. वर्ग हसला. मीही हसली. अंगात दात तेवढे पांढरे होते, तेच दाखवत बसली बावळट!

सत्तरचं दशक सरत आलं होतं. मी करडी गावची, धान पिकवणाऱ्याची पोर. चित्रकलेची शिक्षिका व्हायचं म्हणून भंडाऱ्याला शिकत होती. सर म्हणतील ते वेदवाक्य. अंगाचा रंग म्हणजे पांढऱ्यात जरासा शेंदरी, थेंबभर पिवळा. "आणि तुझ्यासारख्यांसाठी काळ्याची बाटली आहेच." पुन्हा हशा. त्या दिवसापासून एका हातानं चित्र, दुसरा पदराखाली. काय ध्यान दिसत असेल!

वर्षाअखेरच्या प्रदर्शनाला विषय मिळाला, शेतातलं काम. मी रोवणी काढली. बांधीच्या चिखलात वाकून धान लावणारी माझी आई. रंगवली मात्र गुलाबी, गोरीपान. सर म्हणाले, "आता कशी माणसासारखी दिसते." मी इतकी फुगली, की चित्र गुंडाळून एसटीनं थेट घरी. आईला दाखवायला.

आईनं लुगड्याला हात पुसले. बराच वेळ पाहत राहिली.

"कोन हाये हे?"

"तूच तं आहेस."

"मी?" तिनं आपला दंड चित्राजवळ नेला. "मंग माही कातडी कोनं सोलली वं?"

ती चिडली नव्हती. खरंच विचारत होती. मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. सरांनी माझा नुसता हात टेबलावर ठेवला होता. मी अख्खी आई सोलून भिंतीवर टांगायला निघाली होती.

सकाळी तिला अंगणात बसवलं. जन्मात पहिल्यांदा नीट पाहिलं. दंडावर तांबूस, मानेखाली निळसर, गालाच्या हाडावर उन्हाचा पिवळा. काळा कुठेच नाही. तांबडा, पिवळा, निळा एकत्र घोटले, तेव्हा ती सापडली. तांबडा वाढवला की ऊब यायची, निळा वाढवला की सावली. पोस्टर रंग दाट, खालचं झाकतो. सुकलेल्या गुलाबीवर आई चढवली. काळ्याची बाटली उघडलीच नाही.

भंडाऱ्याला परतल्यावर सरांनी पाहिलं. "घाण केलीस. गोरं कर पुन्हा, नाहीतर भिंतीवर लागणार नाही."

"नाही करत, सर."

"काय म्हणालीस?"

"ती माझी आई आहे. नाही करत."

चित्र लागलं नाही. वकिलाच्या मुलीचं लागलं, बक्षीसही मिळालं. गुलाबी बायकांची गुलाबी रोवणी.

पुढे लाखनीकडच्या शाळेत शिकवायला लागली. पहिल्या तासाला एकच काम. आपला हात कागदाशेजारी ठेवा, तो रंग बनवा. जमेपर्यंत दुसरं चित्र नाही.

परवा नात म्हणाली, "आजी, तो स्किन कलरचा खडू दे न."

"कोणाच्या स्किनचा वं?"

तिनं खडू पाहिला. मग आपला हात पाहिला. आमच्याच घरचा हात, सावळा.

त्या खडूला गुलाबी म्हणायचं. या घरात त्याला दुसरं नाव नाही, माझ्या वर्गातही नव्हतं. आईच्या त्या प्रश्नाची लाज अजून तशीच आहे. ती मी पुसणार नाही. तिच्यावर रंगही चढवणार नाही.